आधी गाडी, मग घर

अमेरिकेत बस्तान : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण सोशल सिक्युरिटी नंबर आणि बँकेचं खातं इथवर आलो होतो. आता गाडी आणि घर. हे दोन वेगळे लेख करायचे असा मूळ बेत होता, पण लिहायला बसल्यावर दोन्ही विषय एकमेकांत अडकलेले दिसले. गाडीच्या कर्जातून घराच्या कर्जाची पत तयार होते. घराच्या पत्त्यावरून गाडीच्या विम्याचा हप्ता ठरतो. आणि घर कुठे घ्यायचं हा प्रश्न शेवटी रोज कोणत्या रस्त्यावर किती वेळ घालवायचा, इथेच येऊन थांबतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, म्हणून उदाहरणासाठी न्यू जर्सी घेतो. एडिसन, आयझेलिन, प्लेन्सबरो ही नावं आता पुण्या-ठाण्याच्या घरांतही ओळखीची झाली आहेत.

आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो, पण तो पाहुण्यांसाठी. न्यू जर्सीत राहायला आलात की ६० दिवसांत तिथलं लायसन्स काढायला हवं. त्यासाठी 'सहा पॉइंट'ची कागदपत्रं लागतात : पासपोर्ट, व्हिसाचे कागद, पत्त्याचा पुरावा यांना ठरावीक गुण असतात आणि बेरीज सहा भरावी लागते. लेखी परीक्षेत ५० पैकी ४० उत्तरं बरोबर आली की पास. आपली मंडळी अडखळतात ती रस्त्यावरच्या परीक्षेत. उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय लवकर होते, 'स्टॉप'च्या पाटीशी गाडी पूर्ण थांबवायची सवय मात्र लवकर होत नाही. रस्ता दोन्हीकडे रिकामा असला, तरी चाकं थांबलीच पाहिजेत. चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो; दोघं एकदमच आले तर उजवीकडच्याला पहिला मान. पिवळ्या स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकायला लागले, की किमान २५ फुटांवर थांबायचं. मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीसुद्धा.

न्यू जर्सीचे स्वतःचे दोन चमत्कार आहेत. एक म्हणजे 'जगहँडल' : अनेक मोठ्या रस्त्यांवर डावीकडे वळायचं तर आधी उजवीकडे बाहेर पडावं लागतं. दुसरा पेट्रोलपंप. स्वतःच्या हाताने गाडीत पेट्रोल भरायला इथे १९४९पासून कायद्याने बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरतो. मुंबईहून आलेल्याला या राज्यात निदान पंपावर तरी परकं वाटत नाही.

आता पैशांकडे. तुमचा सिबिल स्कोअर विमानतळावरच गळून पडतो. पंधरा वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाचीही इथली पाटी कोरी असते. इथे चालतो तो ३०० ते ८५० या मापातला फायको स्कोअर. तो तुमची शिल्लक बघत नाही, उधारी किती घेतलीत आणि ती वेळेवर फेडलीत का, हे मुख्यतः बघतो. कर्ज नको म्हणून जुनी कोरोला रोखीने घेणारे पुष्कळ मराठी लोक आहेत. संस्कार चांगलाच आहे, पण त्या व्यवहाराची या पद्धतीत नोंदच राहत नाही. माझ्या मते परवडणारी गाडी लहानशा कर्जावर घ्यावी आणि क्रेडिट कार्डाचं बिल दरमहा पूर्ण भरावं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावं. या स्कोअरचा संबंध गाडीच्या विम्याशीही आहे : कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, हवाई अशी थोडी राज्यं सोडली तर विमा कंपन्या हप्ता ठरवताना पत आणि पत्ता दोन्ही बघतात.

गाडी वेळेवर घ्यावी, तशी चुकीच्या वेळी घेऊ नये. बँक घरासाठी किती कर्ज देईल हे ठरतं ते दरमहाचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या किती हिश्शात बसतात त्यावर. साडेसहा टक्के दराने ३० वर्षांसाठी पाच लाख डॉलर घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण ३,१६० डॉलर येतो. याच हिशेबाने गाडीचा ६०० डॉलरचा हप्ता घराचं सुमारे ९५ हजार डॉलरचं कर्ज खाऊन टाकतो. म्हणून घर बघायला लागलात की नव्या एसयूव्हीचा विचार किल्ली हातात येईपर्यंत बाजूला ठेवावा. कर्ज मंजूर झाल्यावरही व्यवहार पूर्ण होण्याआधी बँक तुमची पत पुन्हा तपासते.

भारतात गृहकर्ज बहुधा तरत्या व्याजदराचं असतं. अमेरिकेत ३० वर्षं एकच दर मिळतो. याचा एक गमतीदार परिणाम झालाय. जानेवारी २०२१मध्ये सरासरी दर तीन टक्क्यांच्याही खाली होता, तेव्हा पाच लाखांचा हप्ता २,१०० डॉलरच्याही खाली येई. ऑक्टोबर २०२३मध्ये तोच दर आठ टक्क्यांजवळ पोचला. ज्यांनी स्वस्तात कर्ज घेतलं ते घर सोडायला तयार नाहीत, त्यामुळे बाजारात घरं कमी आणि एकेका घरावर बोली लावणारे अनेक. डाउन पेमेंट २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बँकेच्या सुरक्षेसाठी आणखी एक विमा घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

न्यूयॉर्कला नोकरी असेल तर घराचा शोध रेल्वेमार्गाच्या कडेने चालतो : मेट्रोपार्क, मेटुचेन, एडिसन, प्रिन्स्टन जंक्शन. पण स्टेशनाजवळ घर म्हणजे दारातून चालत स्टेशन, असं क्वचितच. तिथे गाडी लावायला मासिक परमिट लागतं आणि त्याला प्रतीक्षायादी असू शकते. घर बघायला गेलात की परमिटची चौकशी त्याच दिवशी करा. शिवाय मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यावर ठरतं. शाळा चांगली तर घर महाग, आणि त्या शाळेच्या खर्चाचा मोठा भाग घरपट्टीतून येतो. न्यू जर्सीची सरासरी घरपट्टी २०२४ साली वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली. म्हणजे कर्ज फिटलं तरी महिन्याला आठशेच्या वर डॉलर चालूच. पुणे महापालिकेच्या बिलावर कुरकुरणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

घर आवडलं, बोली स्वीकारली गेली, की दलालाने तयार केलेल्या करारावर सह्या होतात. त्यानंतर कामकाजाचे तीन दिवस वकिलांकडून तो तपासून घेण्यासाठी असतात. या काळात करार मोडताही येतो. वकिलाचे पैसे वाचवू नका. मग येते घराची तपासणी. हा माझ्या दृष्टीने सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा दिवस. इथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची, आत जिप्समचे पत्रे. गणपतीची तसबीर लावायची तरी भिंतीतला लाकडी खांब कुठे आहे ते शोधून खिळा मारावा लागतो. तपासनीस छप्पर, भट्टी, वायरिंग, वाळवी बघतो. तळघरात रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजतात. तो लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त निघाला, तर बाहेर काढण्याची यंत्रणा बसवायची. ती विकणाऱ्याकडून बसवून घेता येते.

जुन्या घरात आणखी एक धोका पुरलेला असतो. पूर्वी घर उबदार ठेवण्यासाठी तेल जाळत आणि त्या तेलाची लोखंडी टाकी अंगणात गाडत. पुढे गॅस आला, टाकी तशीच राहिली. ती गंजून तेल मातीत झिरपलं असेल तर सफाईचा खर्च घराच्या मालकावर येतो, आणि उद्या मालक तुम्ही असणार. नेहमीच्या गृहविम्यात हा खर्च बहुधा बसत नाही. म्हणून टाकी शोधण्यासाठी जमिनीची वेगळी तपासणी करून घ्यावी. थोड्या डॉलरांत झोप विकत मिळते. पुराचंही तसंच. सप्टेंबर २०२१मध्ये आयडा वादळाच्या अवशेषांनी मध्य न्यू जर्सीत हाहाकार उडवला. पुराचं नुकसान गृहविम्यात येत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागतो. पूर्वी पाणी शिरलं होतं का हे विकणाऱ्याने लेखी सांगण्याची सक्ती २०२४पासून झाली आहे.

राहिली मालकीहक्काची खात्री. आपल्याकडे त्यासाठी वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. इथे तसा शोध घेऊन वर मालकीहक्काचा विमाही उतरवतात. बँकेसाठीचा विमा सक्तीचा, स्वतःसाठीचा ऐच्छिक. तोही घ्या.

डाउन पेमेंटला आई-वडिलांनी हातभार लावायचा ठरवला तर भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँक 'ही भेट आहे, परत करायची नाही' असं पत्र मागते. परदेशातून आलेल्या भेटी वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेल्या तर अमेरिकी करखात्याला फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं. कर पडत नाही, पण न कळवल्याचा दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत चढतो.

राहता राहिला व्हिसा. एच-१बीवर घर घेता येतं, कायद्याची आडकाठी नाही. मात्र नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा. ३० वर्षांच्या कर्जाला हे ठाऊक नसतं. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला नसतील आणि किमान पाच वर्षं तिथेच राहण्याची शक्यता नसेल, तर भाड्याचं घर बरं असं माझं मत. परतायची वेळ आलीच तर विक्री फार लांबवू नका. विक्रीआधीच्या पाच वर्षांतली दोन वर्षं त्या घरात राहिला असाल, तर नफ्यातले अडीच लाख डॉलर, नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर पाच लाख, करमुक्त राहतात. शिवाय भारतात स्थायिक होऊन अनिवासी म्हणून विकलंत, तर साधारणपणे खरेदीदार १५ टक्के रक्कम कापून करखात्याकडे भरतो. नफ्याच्या नव्हे, पूर्ण किमतीच्या १५ टक्के. जास्तीचे पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतात, आणि त्यासाठी घरखरेदीचे, दुरुस्तीचे सगळे कागद लागतात. ते पुण्याला नेणाऱ्या बॅगेत घाला.