नशा उतरते, काडतूस उरते

अमेरिका आणि बंदूक : लेखांक 7

मागच्या आठवड्यात आपण काडतुसाचे चार भाग पाहिले: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्रायमर, आतली धूरविरहित पावडर आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. आपल्याकडे काडतूस म्हटले की खडकीचा 1869 सालचा दारूगोळा कारखाना आठवतो, नाहीतर वरणगावचा. परवान्याशिवाय काडतूस बनवणे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे आणि त्याला अनेक वर्षांची कैद होते. अमेरिकेत मात्र असंख्य नेमबाज आणि शिकारी हे काम घरच्या गॅरेजमध्ये बसून करतात. उडवलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, हाताने चालवायच्या प्रेसवर पुन्हा भरायच्या. याला तिथे रीलोडिंग म्हणतात. पैसे वाचतात, शिवाय आपल्या बंदुकीला नेमके मानवेल असे काडतूस तयार करता येते.

हे काम बहुधा संध्याकाळी, जेवण आटोपल्यावर होते, आणि गॅरेजातल्या फ्रिजमध्ये बिअर असते. त्यामुळे रीलोडिंग करणाऱ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो: काम करता करता एखादी बिअर घेतली तर बिघडले कुठे? कायदा काय म्हणतो आणि विवेक काय सांगतो, या दोन उत्तरांत इथे फार मोठे अंतर आहे.

आधी कायदा. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा करायचा असेल तर ‘टाइप 06’ हा उत्पादकाचा परवाना घ्यावा लागतो. तीन वर्षांचे शुल्क 30 डॉलर. चिलखतभेदी गोळ्यांवर वेगळी बंदी आहे. बंदूक आणि दारूगोळा कोणी बाळगू नये याची यादी 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्यातून आलेली आहे. त्या यादीत बेकायदा अमली पदार्थ घेणारा किंवा त्यांचे व्यसन असलेला माणूस आहे. दारू पिणारा नाही, कारण नियंत्रित पदार्थांच्या कायदेशीर व्याख्येतून मद्य आणि तंबाखू स्पष्टपणे वगळलेले आहेत. परिणाम असा, की ज्या राज्याने गांजाला मुभा दिली आहे तिथेही नेहमी गांजा ओढणाऱ्याने एक काडतूस बाळगणे हा संघीय गुन्हा ठरू शकतो आणि शेजारच्या घरात व्हिस्कीचा पेला हाताशी ठेवून शंभर काडतुसे भरणाऱ्याला तो कायदा शिवतही नाही. धोक्याच्या मापाने पाहिले तर ही रचना मला पटत नाही. पण कायदा असा आहे.

इथे एक गोष्ट अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी नीट लक्षात घ्यावी. संघीय व्याख्येप्रमाणे ‘दारूगोळा’ म्हणजे केवळ तयार काडतूस नव्हे. पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सुटे भागही त्यात येतात. आणि एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर दारूगोळा बाळगण्यास मनाई आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही मनाई राहत नाही. तेव्हा ऑफिसातल्या अमेरिकन मित्राने हौसेने दिलेला प्रायमरचा डबा घरी आणून ठेवणेही अंगाशी येऊ शकते. तिथे पेल्याचा प्रश्नच येत नाही, गुन्हा त्याआधीच घडलेला असतो.

राज्यांचे कायदे निरनिराळे आहेत. नशेत बंदूक जवळ बाळगू नये किंवा वापरू नये असे बऱ्याच राज्यांत आहे. काडतूस भरण्याबद्दल मात्र ते सहसा काही बोलत नाहीत. ओहायोतील एक निकाल या संदर्भात वाचण्यासारखा आहे. तिथला एक गृहस्थ स्वतःच्याच घरात नशेत असताना हातात शॉटगन घेऊन पोलिसांना दिसला. बंदूक रिकामी होती. तरीही त्याला शिक्षा झाली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या डिसेंबरात ती कायम ठेवली. घराच्या चार भिंती किंवा बंदूक बाळगण्याचा घटनादत्त हक्क त्याच्या मदतीला आला नाही. रीलोडिंगच्या टेबलाशी याचा संबंध असा, की भरलेले काडतूस नीट बसते का हे पाहायला बंदूक बहुधा जवळच असते. पिऊन ती हातात घेतली की प्रश्न काडतुसाचा न राहता बंदुकीचा होतो.

एवढे सांगून कायदा थांबतो. खरा धोका त्यापुढे आहे.

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात पावडर किती लागते याची कल्पना सहसा लोकांना नसते. मोजमाप ग्रेनमध्ये होते; एका पौंडात 7000 ग्रेन, म्हणजे एक ग्रेन सुमारे 65 मिलिग्रॅम. पॉइंट 38 स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचे जुने काडतूस घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते काळ्या पावडरसाठी बनवले गेले, म्हणून त्याची पुंगळी ऐसपैस आहे. आजची वेगाने जळणारी पावडर त्यात थोडेच ग्रेन लागते आणि तळाशी पडून राहते. त्याच पुंगळीत चुकून दुसऱ्यांदा पावडर पडली तरी ती मावते, सांडत नाही, वरून गोळीही नीट बसते. आमटीत मीठ दोनदा पडले तर पहिल्या घासाला कळते. इथे बाहेरून काहीच कळत नाही. या काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाच्या मानक संस्थेने, म्हणजे सामीने, ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला 17,000 पौंड आहे. आणि पावडर दुप्पट झाली की दाब दुपटीवर थांबत नाही. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फुटते ते अशा वेळी, आणि त्याचे तुकडे हाताकडे, तोंडाकडे आणि शेजारी उभ्या असलेल्याकडे जातात.

उलट चूकही तितकीच वाईट. पावडर पडलीच नाही, तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी जेमतेम नळीत शिरते आणि अडकते. आवाज बारीक येतो. ते लक्षात न येता पुढचा बार काढला, तर बंद नळीत दुसरी गोळी आदळते.

दोन्ही चुकांचे मूळ एकच: भरताना लक्ष क्षणभर विचलित होणे. लक्षाच्या बाबतीत मद्य काय करते हे चांगले अभ्यासलेले आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या तक्त्यात रक्तातले मद्य 0.02 टक्के झाले की दृष्टीचे काम मंदावते आणि एका वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवण्याची शक्ती कमी होते, असे नोंदवले आहे. मध्यम बांध्याच्या पुरुषाला तिथे पोहोचायला साधारण एक बिअर पुरते. गाडी चालवण्यासाठी बहुतेक राज्यांची मर्यादा 0.08 टक्के आहे. म्हणजे कायद्याने गाडी चालवायला मोकळा असलेला माणूस प्रेसच्या दांड्यापाशी बसण्याच्या लायकीचा असेलच असे नाही.

याहून महत्त्वाची बाब 2002 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आली. रिडरिंकहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की आपल्या हातून चूक झाल्याबरोबर मेंदूच्या पुढच्या भागात जो विद्युत संकेत उमटतो, तो मध्यम प्रमाणातल्या मद्यानेही क्षीण होतो. चूक होणे वेगळे आणि चूक झाल्याचे कळणे वेगळे. मद्य या दुसऱ्या गोष्टीवरही घाला घालते. रीलोडिंगची सगळी सुरक्षितता ‘थांब, ही पुंगळी आत्ताच भरली का?’ या एका शंकेवर उभी आहे, आणि नेमकी तीच मनात येईनाशी होते.

पिऊन गाडी चालवणाऱ्याची चूक आणि तिचा परिणाम एकाच रात्री घडतात. काडतुसाचे तसे नाही. शुक्रवारी रात्री भरलेले काडतूस डब्यात महिनोन्‌महिने पडून राहते. भरणारा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येतो, पण पुंगळीचे तोंड बंद झालेले असते. पुढे ते काडतूस कदाचित त्याची मुलगी उडवेल, कदाचित रेंजवरचा मित्र. त्यांच्या रक्तात मद्याचा थेंबही नसेल. ‘मी माझ्या घरात पितो, कोणाचे काय जाते?’ हा युक्तिवाद मला मान्य नाही, तो यासाठी.

अनुभवी लोक म्हणतात, आमच्या प्रेसवर पावडरची पातळी तपासणारे साधन आहे. ते असावेच. पण ते नीट बसवणे, त्याची सूचना झाली की थांबणे आणि ती पुंगळी बाजूला काढणे हे काम माणसाचेच राहते. पुंगळ्या धुणे-पुसणे चालू असताना बिअर घेतली तर मी आक्षेप घेणार नाही, कारण तिथे प्रायमर नसतो आणि पावडरही नसते. प्रायमरचा डबा उघडला की मात्र पेला नको, आणि आधी घेतलेला पेला असेल तर त्या दिवशी डबाच उघडू नये. शरीरातून मद्य ताशी सुमारे 0.015 टक्के या सावकाश गतीने जाते; कॉफी किंवा गार पाणी ती गती वाढवत नाही.

आणि पिऊन काडतुसे भरून झालीच असतील तर? वजन करून खात्री पटवण्याचा मोह होतो, पण पुंगळ्या आणि गोळ्यांच्या वजनातच इतका फरक असतो की दोन-चार ग्रेनची तफावत त्यात लपून जाते. म्हणून तो सगळा डबा बाजूला ठेवा, त्यावर ‘उडवू नये’ असे ठळक लिहा, कोणालाही देऊ नका, आणि पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी, गोळी काढण्याच्या साधनाने एकेक काडतूस सुटे करा. शंभर काडतुसे असतील तर शंभर.