इंटाग्लिओ व्यक्तिचित्राचे मूल्यांकन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुद्राचित्र म्हणजे मूळ चित्राची छापील नक्कल, हा सर्वांत चिवट गैरसमज असून समकालीन इंटाग्लिओ व्यक्तिचित्राचे मूल्यांकन करताना तोच प्रथम दूर करावा लागतो. इंटाग्लिओ पद्धतीत धातूच्या पत्र्यावर सुईने, हत्याराने किंवा आम्लाने खोलगट रेषा पाडतात, त्यांत शाई भरून वरचा पृष्ठभाग पुसतात आणि ओलसर कागदासह पत्रा दाबयंत्राच्या रुळांतून काढतात. कागद रेषांत शिरून शाई उचलतो आणि असा प्रत्येक ठसा स्वतःच मूळ कलाकृती असतो. कागदावर उमटलेली पत्र्याच्या कडांची खाच ही त्याची खूण मानली जाते, पण ती कृत्रिमरीत्याही उठवता येत असल्याने भिंगाखाली नियमित ठिपक्यांची जाळी दिसते का, हेही पाहिले जाते. तशी जाळी बहुधा यांत्रिक प्रतिकृतीची असते.

संग्राहकांचा लोभ विशेषतः लहान क्रमांकावर असतो. पेन्सिलीने लिहिलेल्या ‘3/50’मधील 50 ही आवृत्तीतील ठशांची संख्या असते, परंतु 3 हा छपाईचा क्रम असेलच असे नाही, कारण क्रमांक व सही बहुधा सर्व ठसे वाळल्यावर, हाताला येतील तसे घातले जातात. छापता छापता पत्रा झिजतो, म्हणून आधीचा ठसा हवासा वाटतो, हे खरे. तथापि ती झीज आवृत्तीपूर्वीही होऊ शकते. चित्रकार चक क्लोज यांचे 1972मध्ये कॅलिफोर्नियातील क्राउन पॉइंट प्रेसमध्ये छापलेले ‘कीथ/मेझोटिंट’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. मेझोटिंटमध्ये सगळा पत्रा आधी खरबरीत करतात, जो तसाच छापला तर गडद काळा उमटतो, आणि तो जिथे घासून गुळगुळीत करावा तिथे उजेड येतो. क्लोज यांनी चेहऱ्याच्या मध्यभागापासून काम सुरू केले आणि वारंवार चाचणीठसे काढले, त्यामुळे ओठांभोवतीचा पृष्ठभाग झिजून तो भाग फिकट झाला. अवघ्या 10 ठशांच्या या आवृत्तीत तो फिकटपणा असल्याने, त्यास उन्हाने उडालेला रंग समजून किंमत कमी करणारा मूल्यांकक चित्र न वाचताच निकाल देत असतो.

पूर्ण सही नसेल तर ठसा संशयास्पद, हीही समजूत टिकत नाही. चित्रकार लूशन फ्रॉइड यांच्या अनेक एचिंगांवर, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यांच्या ठशांवर, पेन्सिलीने केवळ आद्याक्षरे आढळतात. खरी पडताळणी क्रेग हार्टली यांच्या 1995च्या सूचीसारख्या अधिकृत सूचीतील मापे, कागद आणि आवृत्ती यांच्याशी ठसा जुळवून होते.

चौकटीत बसवण्यासाठी कापलेला समास आणि आम्लयुक्त पुठ्ठ्याने पडलेला पिवळट पट्टा यांनी किंमत लक्षणीय घटते. म्हणून त्याच चित्राच्या दुसऱ्या ठशाला लिलावात मिळालेली रक्कम जशीच्या तशी लागू करता येत नाही. शिवाय विम्यासाठीचे मूल्य सहसा विक्रीतून हाती येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असते, आणि त्यामुळे हेतू व तारीख न नोंदवलेला मूल्यांकन-अहवाल विश्वासार्ह धरता येत नाही.