आधी काम, मग प्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबवला आणि जुलै २०१५ पासून घरोघरी रुळलेल्या एका प्रणालीचा अधिकृत कार्यकाळ संपला. हुडकेश्वर, पिपळा, मानेवाडा अशा दक्षिण नागपूरच्या ले-आउटमध्ये मुलांचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, बँकेचे व्यवहार आणि लहानसहान हिशेब यांसाठी ठेवलेले संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. ते पूर्वीसारखेच सुरू होतात. मात्र प्रणालीत नव्याने उघड होणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारी नेहमीची मोफत अद्यतने, म्हणजे अपडेट, थांबल्यामुळे असा संगणक इंटरनेटला जोडून बँकेचा पासवर्ड टाकणे दिवसेंदिवस अधिक जोखमीचे होत जाते.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे सुटे भाग आणि वापरणाऱ्याची कामे यांच्यामध्ये उभी असलेली मूळ आज्ञावली होय. कळफलकावरील कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटणे, फाईल डिस्कवर साठवली जाणे, प्रिंटरपर्यंत पान पोहोचणे ही सारी व्यवस्था ती पाहते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ज्या अटी घातल्या, त्यांत गुप्त किल्ल्या सांभाळणारा टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर यांचा समावेश आहे. आठवी पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. त्यामुळे त्याआधी घेतलेला संगणक कितीही सुस्थितीत असला तरी बहुधा या अटींत बसत नाही. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतनांची योजना जाहीर केली. पण तिने प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. अशा वेळी चालता संगणक मोडीत काढून नवा घेणे किंवा त्यावर दुसरी कार्यप्रणाली बसवणे, असे दोन मार्ग उरतात. दुसऱ्या मार्गाने पैसा वाचतो आणि ई-कचराही टळतो, म्हणून त्याचा विचार आधी होणे उचित ठरते.

पर्यायी कार्यप्रणाली म्हटले की मुख्यतः लिनक्सचे कुटुंब समोर येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा केली; वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक देणारी आज्ञावली तयार करणे हा त्याचा हेतू होता. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स हा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहायला घेतला आणि या दोहोंच्या जुळणीतून एक पूर्ण प्रणाली उभी राहिली. हा गाभा, पडद्यावरची मांडणी आणि नेहमीच्या उपयोगाच्या आज्ञावल्या एकत्र बांधून जे तयार संच दिले जातात, त्यांना वितरणे किंवा डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट आणि फेडोरा ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. ही सर्व वितरणे विनामूल्य आणि कायदेशीररीत्या उतरवून घेता येतात. संगणक जोडून घेताना त्यावर विंडोजची अनधिकृत प्रत टाकून घेण्याची आणि ती क्रॅक नावाच्या आज्ञावलीने चालवण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आढळते. अशा क्रॅकमधूनच अनेकदा विषाणू शिरतात, हे ध्यानी घेतले तर या कायदेशीर पर्यायाचे मोल अधिक कळते.

भारतात हा विचार नवा नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने डेबियनवर आधारलेली आणि भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, ही प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध करून दिली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोत आज्ञावलीला अग्रक्रम देणारे धोरण जाहीर केले. केरळातील शासकीय शाळांचे संगणक शिक्षण तर कित्येक वर्षे मुक्त प्रणालींवरच चालते. महाराष्ट्राची वाट वेगळी होती. २००१ मध्ये एमकेसीएल या कंपनीच्या माध्यमातून सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो लोकांना संगणकासमोर बसवले, हे त्याचे मोठे कार्य आहे. परंतु हा अभ्यास प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवर झाल्यामुळे संगणक म्हणजेच विंडोज, ही समजूतही त्याबरोबर घट्ट झाली. पर्याय निवडताना मराठी घरांना तांत्रिक अडचणींपेक्षा ही सवयच अधिक अडवते.

निवडीचा आरंभ वितरणांच्या नावांपासून केला तर गोंधळ ठरलेला असतो, कारण ती शेकडो आहेत. त्याऐवजी घरातील संगणकावर प्रत्यक्ष कोणती कामे होतात, त्यांची यादी कागदावर उतरवावी. ही कामे सहसा तीन गटांत पडतात. पहिला गट ब्राउझरमध्ये होणाऱ्या कामांचा: महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, रेल्वेचे आरक्षण, बँक, डिजिलॉकर, ऑनलाइन वर्ग आणि व्हिडिओ. फायरफॉक्स आणि क्रोम हे ब्राउझर लिनक्सवरही चालत असल्याने या गटात फारसा फरक पडत नाही. दुसरा गट फाईलींचा: पत्रे, तक्ते, छायाचित्रे. लिबरऑफिस हा विनामूल्य संच वर्ड आणि एक्सेलच्या फाईली उघडतो व साठवतो. मात्र गुंतागुंतीच्या मांडणीची पाने थोडी सरकतात आणि एक्सेलमधील मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, तशाच्या तशा चालतीलच असे नाही. तिसरा गट विशिष्ट आज्ञावलीशी किंवा उपकरणाशी बांधलेल्या कामांचा, आणि खरी कसोटी इथेच लागते. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, छपाईचे काम कोरलड्रॉमध्ये होत असेल, घरातूनच ऑनलाइन सेवा केंद्र चालत असेल आणि त्यासाठी बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागत असेल, तर विंडोज पूर्णपणे सोडण्याची घाई करू नये. प्रिंटरचेही तसेच आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात, जरी काही लेझर प्रिंटरांना वेगळी जोड-आज्ञावली उतरवावी लागते; लहान कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर चालवणे जिकिरीचे ठरते.

मराठी लेखनाचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहायला हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतींत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची वळणे बसवलेली असत. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असा मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत असल्याने ती अडचण मुळातच उरत नाही, आणि जुन्या फाईली प्रणाली बदलण्यापूर्वीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे शहाणपणाचे असते. भारत सरकारने प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत अंगभूत असतो आणि दोन्हीकडे कळांची जागा तीच राहते. ‘नागपूर’ हा शब्द त्यात व्ही, ई, आय, एच, टी, जे या सहा कळांनी उमटतो. ‘दुसऱ्या’मधला खास मराठी ऱ्य हवा असेल तर शिफ्टसह जे, मग डी आणि शेवटी तिरक्या रेषेची कळ दाबावी लागते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असलेल्यांसाठी आयबस या आज्ञावलीतून ध्वन्यात्मक कळफलकही जोडता येतो. अक्षरे नीट दिसण्यासाठी लोहित मराठीसारखे मुक्त फॉन्ट उपलब्ध आहेत.

यादी तयार झाली की वितरण निवडणे सोपे जाते. विंडोजच्या मांडणीची सवय असलेल्या घरासाठी लिनक्स मिंट सोयीचे आहे, कारण खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातील मेनू आणि फाईलींची खिडकी परिचित वाटते. त्याला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी असल्यास ते आरामात चालते. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत. रॅम त्याहून कमी असेल तर लुबुंटूसारखे हलके वितरण पाहावे. सगळे काम ब्राउझरमध्येच होत असेल आणि गुगल खात्यावर अवलंबून राहणे मान्य असेल, तर गुगलचे क्रोमओएस फ्लेक्स हाही एक पर्याय आहे. निवड कोणतीही असो, दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्तीच घ्यावी, म्हणजे दर काही महिन्यांनी पुन्हा तीच उस्तवार करावी लागत नाही.

या निवडीची मोठी सोय अशी की ती आधी तपासून पाहता येते. वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याची आयएसओ, म्हणजे संपूर्ण प्रणाली सामावलेली फाईल, उतरवून रुफससारख्या आज्ञावलीने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली आणि संगणक सुरू होताना कंपनीनुसार एफ १२, एफ ९ किंवा एस्केप कळ दाबून पेनड्राइव्ह निवडला, की डिस्कला हात न लावता संपूर्ण प्रणाली चालू होते. पेनड्राइव्हवरचा आधीचा मजकूर मात्र या क्रियेत पुसला जातो. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी कळफलक असे एकेक तपासावे. पेनड्राइव्हवरून प्रणाली काहीशी मंद चालते, तेव्हा वेगावरून निर्णय घेऊ नये. सर्व काही जुळले तरच ती डिस्कवर बसवावी आणि त्याआधी छायाचित्रे, गुणपत्रिका, सातबारा, विम्याची कागदपत्रे यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती उघडते की नाही, हेही पाहून घ्यावे. तिसऱ्या गटातील कामे असतील त्या घरांनी दोन्ही प्रणाली शेजारी ठेवण्याची ड्युअल बूट पद्धत स्वीकारावी: इंटरनेट आणि बँकेसाठी लिनक्स, तर टॅली किंवा जुन्या प्रिंटरसाठी इंटरनेटपासून तोडलेले विंडोज.

पर्यायी प्रणाली प्रत्येक घराला मानवेलच असे नाही आणि तसा आग्रहही धरू नये. परंतु ४ जीबी रॅमचा, नीट चालणारा संगणक केवळ एका कंपनीचे वेळापत्रक संपले म्हणून भंगारात जाणे, ही ज्या घरात एकाच यंत्रावर दोन मुले शिकतात त्या घराची हानी आहे. कामांची यादी करणे आणि पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहणे, या दोन गोष्टींना फार तर एक रविवार लागतो. एवढे केल्यावर जुना संगणक ठेवायचा की नवा घ्यायचा, हे दुकानदाराच्या सल्ल्यावर न सोपवता घरातील माणसांना स्वतः ठरवता येते.