घाट उतरताना ब्रेक 'फेल' का होतात?

घाटात मालट्रकचा अपघात झाला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला' हे वाक्य जवळपास ठरलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, एखादी नळी फुटली असावी, एखादा भाग निखळला असावा. प्रत्यक्षात अनेकदा काहीच तुटलेले नसते. ब्रेक तापून निष्प्रभ झालेले असतात आणि त्याचे कारण काही किलोमीटर मागे, उताराच्या माथ्यावर कोणता गिअर टाकला होता यात दडलेले असते.

दहा चाकांच्या, तीन अ‍ॅक्सलच्या मालट्रकला २०१८ पासून भारासह २८.५ टन वजनाची मुभा आहे; त्यापूर्वी ती २५ टन होती. बोरघाटाचा रस्ता खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे पाचशे मीटर खाली उतरतो. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने साधारण साडेचारशे लिटर पाण्याला उकळी फुटेल. हवेचा व टायरांचा विरोध तिचा काही भाग घेतो. उरलेली ऊर्जा इंजिनाने शोषायची, नाहीतर ब्रेकच्या ड्रमांनी. दोघांनीही ती घेतली नाही, तर गाडीचा वेग वाढत जातो.

जड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. चालकाने पेडल दाबले, की ती हवा प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाऊन एक दांडा पुढे ढकलते आणि लायनर फिरत्या ड्रमला आतून घासू लागतात. घर्षणातून उष्णता निर्माण होते. पाय सतत पेडलवर राहिला, तर ड्रमला थंड व्हायला उसंत मिळत नाही. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो, त्यामुळे दांड्याला अधिक अंतर कापावे लागते. शिवाय अतिउष्ण लायनरची पकडही घटते. हवेचा दाब पुरेसा, पेडल शाबूत, तरी गाडी थांबत नाही! चालकाच्या दृष्टीने हेच 'ब्रेक फेल'.

घाबरलेला चालक अशा वेळी पेडल पुन्हा पुन्हा दाबतो. प्रत्येक वेळी टाकीतील थोडी हवा खर्ची पडते. दाब फारच खाली गेला, तर मागील चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, कारण एरवी हवेचा दाबच त्यांना मागे रोखून धरत असतो. ही सोय सुरक्षिततेसाठी आहे खरी. पण ते स्प्रिंगही त्याच तापलेल्या ड्रमांवर काम करतात.

म्हणून उतारावरचा खरा ब्रेक इंजिन हाच होय. गाडी खालच्या गिअरमध्ये असली आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकांनाच इंजिन फिरवावे लागते व त्यात वेग खर्ची पडतो. जोडीला एक्झॉस्ट ब्रेक असेल, तर तो धुराच्या वाटेवरील झडप मिटून हा रोध वाढवतो. इंजिनाचे फेरे जितके अधिक, तितका त्याचा परिणाम जास्त. क्लच दाबला, की दोन्ही आधार तत्क्षणी सुटतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा दंडक यावरच आधारलेला आहे. आजच्या अधिक ताकदीच्या इंजिनांना चढताना वरचा गिअरही झेपतो. त्यामुळे उतरताना त्याहून एक गिअर खाली राहणे शहाणपणाचे.

गिअर मात्र उतार सुरू होण्यापूर्वीच बदलायला हवा. वेग वाढल्यावर चौथ्यातून तिसऱ्यात येऊ पाहणाऱ्या चालकाला इंजिनाचे फेरे चाकांच्या गतीशी जुळवता येत नाहीत. चौथा निघालेला असतो, तिसरा पडत नाही, आणि गाडी भर उतारावर न्यूट्रलमध्ये धावू लागते.

काही जण ती मुद्दामच न्यूट्रलमध्ये घालतात, डिझेल वाचावे म्हणून. खेपेला ठरवून दिलेल्या डिझेलमधून जे वाचेल ते चालकाचे, असा व्यवहार जिथे आहे तिथे हा मोह समजण्यासारखा आहे. केवळ चालकाला दोष देऊन तो सुटणार नाही. पण हिशेबच चुकीचा आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. इंजिनच बंद केले, तर कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते.

पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा रस्ता या दृष्टीने अधिक फसवा. तो घाटासारखा भासत नाही, पण उतार लांबलचक आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका जड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. पुढे तपासात गाडी न्यूट्रलमध्ये उतरविल्याचा मुद्दा समोर आला.

योग्य गिअर असूनही वेग वाढू लागला, तर ब्रेक हलकेच दाबून धरू नये. समजा, ताशी ४० किलोमीटरचा वेग सुरक्षित आहे. तेथे पोहोचताच ब्रेक ठामपणे दाबून वेग तिशीवर आणावा, पाय पूर्ण काढावा आणि काटा पुन्हा चाळीसवर आला की हेच करावे. मधल्या वेळात ड्रम थोडे निवतात. माथ्यावर थांबून हवेच्या दाबाचा काटा पाहणे आणि सर्व चाकांचे ब्रेक सारखे बसवलेले आहेत ना, हे निघण्यापूर्वीच तपासून घेणे तितकेच महत्त्वाचे. दोन चाकांचे ब्रेक ढिले असतील, तर त्यांचा भार उरलेल्यांवर पडून ते लवकर तापतात.

उतारावर लायनरचा करपट वास आला किंवा चाकातून धूर दिसला, तर ब्रेकमध्ये जोर आहे तोवरच सुरक्षित जागी थांबून, चाकांना दगड वा ओंडके लावून ड्रम आपोआप निवू द्यावेत. घाईने त्यांवर पाणी ओतले, तर बिडाचा ड्रम तडकू शकतो.