वंशावळीतली बंगालची बाई

दक्षिण आफ्रिकेतले कित्येक गोरे आपली वंशावळ सतराव्या शतकातल्या डच वसाहतीपर्यंत नेऊन भिडवतात. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान व्हान रिबेक केपला उतरला, तेव्हापासूनची ही वसाहत. आडनाव धरून मागे गेले की मूळपुरुष युरोपातला सापडतो. पण मूळ आई कोण?

कंपनीच्या दप्तरात तीही आहे. अँजेला व्हान बेंगाल, म्हणजे बंगालची अँजेला. १६५७ साली तिला गुलाम म्हणून केपला आणले. रिबेकच्याच घरी ती राबली. १६६६ साली मुक्त झाली आणि १६६९ साली आर्नोल्डस बासोन या वसाहतवाल्याशी तिचे लग्न लागले. अनेक गोरी घराणी तिचीच लेकरे! आईबापांनी तिला कोणत्या नावाने हाक मारली, ते मात्र दप्तरात नाही. नाव धन्यांच्या धर्मातले, आडनावाच्या जागी अख्खा मुलूख.

आणि याच गोऱ्यांच्या सरकारने १९४९ साली गोऱ्यांना इतरांशी लग्न करायला बंदी घातली! ती १९८५ पर्यंत टिकली. रक्तशुद्धीचा डांगोरा पिटणाऱ्यांनी घरचे दप्तर उघडलेच नसेल काय? आमच्या मते उघडले असेल आणि गुपचूप मिटले असेल. बासोन हे आडनाव तिकडे आजही चालते. ते नवऱ्याचे.