परसबाग आणि शेजारधर्म

परसबाग हा विषय व्याख्यानाला घरगुती वाटेल. परंतु ज्या जिल्ह्यात पाऊस सरासरीने सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही वेळेवर पडेल याची खात्री नसते, तेथे घरामागे दोन वेल जगवणे ही केवळ हौस राहत नाही. तो पाण्याचा, बियाण्याचा आणि शेजाऱ्याशी असलेल्या संबंधाचा प्रश्न होतो.

बीडकरांना ही गोष्ट नवी नाही. गावाजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधली गेली. तिचे पाणी मोट न लावता, जमिनीचा उतार साधून, भुयारी वाटेने खालच्या शिवाराला जात असे. पाणी थोडे असेल तर ते कोणत्या वाटेने न्यावे याचा विचार आधी, आणि लागवड मागून, हा धडा त्या विहिरीत आहे. आज परस लहान झाले, पुष्कळ घरांत ते गच्चीवर गेले. परंतु धडा तोच आहे.

प्रथम पाण्याचा हिशोब मांडू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षभरात ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २८ हजार लिटर पाणी येते. वाया जाणारे वजा केले तरी वीस हजारांच्या वर उरते. उलट, दहा फूट लांब-रुंद वाफ्याला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले, तरी ५० लिटरच्या घरात पाणी लागते. ज्या घरी नळ काही दिवसांआड येतो, तेथे हे पिण्याच्या पाण्यातून देणे रास्त नाही. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेले पाणी मात्र रोज निघते. ते थेट आळ्यात जावे. न्हाणीचे साबणाचे पाणी केळी, अळू, शेवगा यांच्याकडे वळवावे, पालेभाजीला देऊ नये. वाफ्यावर पाचोळा किंवा उसाच्या पाचटाचे चार बोटे आच्छादन घातले की उन्हाने जाणारी ओल पुष्कळ राहते. वेलाच्या मुळाशी न भाजता राहिलेला नव्हे, पण रंग न लावलेला साधा माठ गळ्यापर्यंत पुरावा व भरून झाकून ठेवावा. माती सुकेल तसे पाणी झिरपते. माती ओली असली की आपोआप थांबते.

आता शेजाऱ्यांच्या गप्पांकडे येऊ. मृगाचा पाऊस झाला की गल्लीत विचारणा सुरू होते : तुमची भेंडी उगवली का? आमच्या दोडक्याला फुले भरपूर, पण फळ का धरत नाही? या गप्पांत खरे ज्ञान असते, पण ते अर्धे सांगितले जाते. 'आमच्याकडे तर छान आले' यावरून ऐकणाऱ्याला काहीच करता येत नाही. बी कोणते, केव्हा टाकले, माती काळी की मुरमाड, पाणी किती दिवसांनी, आणि काय बिघडले, एवढ्या पाच गोष्टी सांगितल्या तर त्या गप्पांचे शास्त्र होते. पुस्तकातले वेळापत्रक बहुधा दुसऱ्या हवेचे असते. कोकणातला वाफा आणि आष्टी-पाटोद्याकडचा वाफा एका पंचांगाने चालत नाहीत.

नेहमीच्या तीन तक्रारी घेऊ. पहिली, फळ न धरण्याची. दोडका, दुधी, भोपळा यांच्या वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते. सुरुवातीला बरीचशी नर फुलेच येतात, ती गळणारच. त्यात रोग काही नाही. मादी फुले आल्यावरही फळे पिवळी पडून गळत असतील, तर मधमाशी येत नाही असे समजावे. मग नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलावर हलकेच टेकवावा. वेळ मात्र पाळली पाहिजे : भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, दोडक्याचे व दुधीचे संध्याकाळी. सकाळी दहाला दुधीचा पराग लावून फळाची वाट पाहणारे निराश होतात ते एवढ्यासाठी. टोमॅटोची गोष्ट निराळी. त्याच्या एकाच फुलात दोन्ही अंगे असतात. पण वैशाखातल्या चाळीस अंशांच्या उन्हात पराग निकामी होतो. तेथे खत वाढवून उपयोग नाही, हंगामच बदलावा.

दुसरी तक्रार पाने पिवळी पडण्याची. जुनी, खालची पाने पिवळी झाली तर बहुधा नत्र कमी आहे. कुजलेले शेणखत द्यावे. नवी, शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर लोह मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. लिंबू, जास्वंद, गुलाब यांच्यावर हे विशेष दिसते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून, थोडा लिंबाचा रस घालून, संध्याकाळी पानांवर फवारावे, आणि पाणी तुंबू देऊ नये.

तिसरी तक्रार भेंडीच्या केवड्याची. पानाच्या शिरा पिवळ्या होतात, मग सारे पान आणि फळही. हा विषाणू पांढरी माशी झाडावरून झाडावर नेते. रोगट झाडावर औषध नाही. ते उपटून टाकणे हाच शेजारधर्म, कारण आपले एक झाड राखले तर गल्लीतली दहा जातात. माशी व मावा यांना आवरण्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीच्या जातीशी संकर करून या रोगाला तोंड देणारी 'परभणी क्रांती' ही जात काढली. पुढे तिची प्रतिकारशक्ती काही ठिकाणी कमी पडू लागली, तरी तिचा एक गुण मोलाचा राहिला : तिचे बी घरी धरता येते.

येथे बियाण्याचा प्रश्न येतो. दुकानातल्या संकरित बियाची भाजी चांगली येते. पण तिच्याच फळातले बी पुढल्या वर्षी टाकले तर झाडे सारखी निघत नाहीत. ते बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. गावरान वाल, घेवडा, चवळी यांची फुले बहुधा स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून त्यांचे बी धरणे सोपे. काकडी-भोपळ्याच्या वर्गात शेजारचा पराग मिसळतो; बियासाठी राखायच्या फुलाला आदल्या दिवशी दोरा बांधून ते मिटलेले ठेवावे, आणि स्वतः पराग लावून पुन्हा बांधावे. एक सावधगिरी : दुधी किंवा काकडी कडू लागली तर शिजवून, रस काढून कशीही खाऊ नये. त्या कडूपणात विष असते. तिचे बीही ठेवू नये.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंचे काम म्हणजे घराघरांतून विरत चाललेली गावरान वाणे गोळा करणे, जपणे आणि वाटणे. आपल्याकडे सीताफळाने हेच दाखवले. बालाघाटाच्या माळरानावर, थोड्या पाण्यावर वाढणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची फुले कोरड्या उन्हात गळतात आणि हवेत ओल आली की फळ धरतात. येथल्या ऋतूशी त्याची अशी जोडी जमली आहे. परसात एकच झाड लावायला जागा असेल, तर याचा विचार करावा.

दुष्काळाच्या वर्षी काय करावे? २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांनी मराठवाड्याला हा प्रश्न विचारलाच होता. अशा वर्षी सगळा वाफा जगवण्याच्या नादात सगळाच जातो. पालेभाजी सोडून द्यावी. शेवगा, कढीलिंब, सीताफळ यांच्या मुळाशी आच्छादन ठेवून थोडे पाणी द्यावे. बी मात्र वाळवून, राख मिसळून, बंद भांड्यात ठेवावे, आणि त्यातले मूठभर निदान दोन शेजाऱ्यांकडे द्यावे. एका घरचे बी भुंग्याने खाल्ले, किंवा पेरून वाया गेले, तरी दुसऱ्या घरी ते शिल्लक राहते. ज्याने ते जपले त्याच्याकडे आपण पुढल्या मृगात मागायला जाऊ, आणि तेव्हा त्या बियाबरोबर ते केव्हा, कसे टाकले याची हकीगतही मागून घेऊ.