स्वस्त मोबाईल : हत्यार म्हणून त्याची पारख

गोदाकाठच्या या व्यासपीठावरून एका आठ-दहा हजार रुपयांच्या वस्तूवर बोलण्यासाठी आज आम्ही उभे आहोत. विषय किरकोळ वाटेल. परंतु समोर बसलेल्या बहुतेकांच्या खिशात वा पिशवीत ही वस्तू या क्षणी आहे, आणि महिन्याच्या पगाराचा बराच मोठा लचका तोडून ती घेतलेली आहे. तेव्हा तिचा हिशेब एकदा मांडलेला बरा.

आम्ही पदवीधर नव्हे. दहावीनंतर सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर उभे राहिलो, आणि पुढे जे शिकलो ते यंत्रापाशी, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. लेथवरच्या आमच्या उस्तादांनी कोणतेही हत्यार हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला शिकवले होते. ते कोणते काम करील? किती दिवस टिकेल? आणि मोडले तर दुरुस्त कोण करील, कोणाच्या खर्चाने? मोबाईललाही आम्ही हेच तीन प्रश्न विचारतो.

आधी गुण सांगू, कारण ते खरे आहेत. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण झाले, तेव्हा ही श्रीमंतांची चैन होती. आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. आज दहा हजारांच्या आतबाहेरच्या फोनात साडेसहा इंचांचा पडदा असतो, ५००० एमएएचची बॅटरी असते, आणि बेताने वापरला तर तो दीड दिवस चालतो. दोन सिमकार्डे, वेगळे मेमरी कार्ड, साधा इअरफोन लावण्याचे भोक, या महागड्या फोनांतून हद्दपार होत गेलेल्या सोयी स्वस्त फोनात पुष्कळदा शाबूत असतात. लासलगावचा कांद्याचा भाव बांधावर कळतो. २०१६ साली यूपीआय आले आणि भाजीवालीला सुट्ट्या पैशांची ददात उरली नाही. परगावी कामाला गेलेल्या मुलाचे तोंड आईला रोज दिसते. ज्यांना हे सारे मामुली वाटते, त्यांनी पूर्वी तारेची वाट पाहिलेली नसावी.

आता दोष. पहिला दोष स्मरणाचा, आणि तोच नीट समजावून घेण्यासारखा आहे. मोबाईलमध्ये दोन प्रकारची जागा असते. एक कामाचे टेबल, त्याला रॅम म्हणतात. दुसरे गोदाम, त्याला स्टोअरेज म्हणतात. टेबल मोठे असले की चार कामे एकदम मांडून बसता येते. टेबल लहान असले की नवे काम घेताना जुने उचलून ठेवावे लागते, आणि पुन्हा हवे झाले की पहिल्यापासून मांडावे लागते. फोन ‘अडकतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा आत बहुधा हीच उचलठेव चाललेली असते. स्वस्त फोनात टेबल लहान, आणि गोदामाचे दारही अरुंद. कारण त्यात बहुधा संथ जातीचे स्टोअरेज बसवतात. त्या गोदामात सुप्रभाताची चित्रे आणि लग्नाच्या चित्रफिती ठासून भरल्या की नव्या मालाला वाव राहत नाही.

खोक्यावर हल्ली ‘४ अधिक ४ जीबी’ असे छापलेले आढळते. यातले पहिले चार खरे टेबल. दुसरे चार म्हणजे गोदामाच्या एका कोपऱ्याला दिलेले टेबलाचे नाव. त्याने थोडी मदत होते, पण आठ होत नाहीत. कॅमेऱ्याच्या ‘५० मेगापिक्सेल’चेही तसेच. चित्राची प्रत ठरते ती भिंगावर आणि त्यामागच्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या आकारावर. निव्वळ आकडा मोठा म्हणून संध्याकाळचा फोटो स्वच्छ येत नाही.

दुसरा दोष टिकण्याचा. बॅटरी सुमारे ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची धारणशक्ती साधारण ८० टक्क्यांवर येते. पूर्वी ती आपण नखाने काढून बदलत असू. आता ती आत बंद. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फोनच्या कुलपाची डागडुजी. चोर नवनव्या किल्ल्या बनवतात, म्हणून कंपनी वेळोवेळी सुरक्षेची सुधारणा पाठवते. अनेक स्वस्त फोनांना ती दोन-तीन वर्षांतच थांबते. फोन वरून धडधाकट दिसतो, पण कुलूप जुने झालेले असते. आणि आपली सारी बचत त्याच फोनातल्या बँकेच्या ॲपमध्ये असते.

तिसरा दोष दुरुस्तीचा. फोन स्वस्त म्हणून त्याचा पडदा त्याच मानाने स्वस्त नसतो. पडदा फुटला की दुकानदार खर्च सांगतो आणि वर सल्ला देतो, ‘त्यापेक्षा नवीनच घ्या.’ हा सल्ला ऐकून आपण घरी येतो, आणि तडा गेलेल्या काचेवर चिकटपट्टी लावून वर्ष काढतो.

या तिन्ही दोषांची एकत्र परीक्षा आपल्या महाराष्ट्रात झाली ती अंगणवाडीत. सेविकांना शासनाने फोन दिले होते, रॅम दोन जीबीची. २०२१ साली बालकांच्या पोषणाच्या नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. टेबल लहान, काम मोठे. फोन तापू लागले, अडकू लागले. हमीची मुदत संपलेली, दुरुस्तीचा खर्च माथी, आणि नोंदी इंग्रजीत करायच्या. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन परत करण्याचे आंदोलन केले. त्यांना फोनच नको होता असे नव्हे. कामाला पुरेल असा फोन आणि समजेल अशी भाषा, एवढेच मागणे होते.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. स्वस्त मोबाईल हा गप्पांसाठी असेल तोवर त्याचे दोष ही आपली खासगी बाब. पण आता तो कामाचे हत्यार झाला आहे. शेतकऱ्याने २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. घरपोच माल देणाऱ्या पोराची तर सारी रोजी फोनवर. आमच्याच युनियनमधल्या एका कंत्राटी कामगाराची गोष्ट आहे. त्याच्या कारखान्याने हजेरी ॲपवर सुरू केली. याचा फोन जुना. फाटकाशी उभे राहूनही त्याला आपले ठिकाण सापडेना. गडी आठ वाजता हजर, ॲपच्या लेखी साडेनऊला. तीन अर्धे दिवस कापले गेले. आम्ही कचेरीत गेलो तेव्हा उत्तर मिळाले, ‘फोन त्याचा, दोष त्याचा.’

श्रोतेहो, आम्ही अनेक वर्षे लेथ चालवला. घरून लेथ आणा असे आम्हाला कोणी म्हटले नाही. कापायचे टूलसुद्धा टूलरूममधून सही करून मिळे, आणि बोथट झाले की बदलून मिळे. मग हजेरीचे यंत्र कामगाराने स्वतःच्या पगारातून का आणावे? तीन आठवडे भांडलो, तेव्हा फाटकावर हजेरीची वही परत आली आणि कापलेले पैसे मिळाले. ज्याला काम हवे त्याने हत्यार पुरवावे, हा जुना नियम मोबाईललाही लागू आहे, असे आमचे ठाम मत आहे.

तोवर ज्यांना फोन घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. केवळ बोलायचे आणि क्वचित पैसे पाठवायचे असतील, तर बटणांचा साधा फोन पुरतो. २०२२ पासून त्यावरूनही यूपीआय करता येते. स्मार्टफोनच हवा तर खरी रॅम चार जीबी आणि स्टोअरेज ६४ जीबी, याच्या खाली उतरू नका. सुरक्षेची सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळेल आणि कंपनीचे दुरुस्ती केंद्र नाशकात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. पक्की पावती घ्या. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून ठेवा. फोन हरवल्यास तो क्रमांक देऊन शासनाच्या ‘संचार साथी’वर फोन बंद पाडता येतो. पैशांची फसवणूक झाली तर वेळ न दवडता १९३० वर कळवा.

आमचे व्याख्यान येथे संपते. आम्ही मंडपाच्या डाव्या बाजूला बसणार आहोत. ज्यांचा फोन अडकतो त्यांनी तो घेऊन यावे. गोदामात काय साचले आहे ते मिळून पाहू. निम्म्या लोकांना नवा फोन घ्यावा लागणार नाही, असा आमचा अदमास आहे.